लोहाच्या दारातून आलेले विष

१९७१ साली परळी वैजनाथला औष्णिक वीज केंद्राचा ३० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. तोवर परळीची ओळख होती ती ज्योतिर्लिंगाची आणि रेल्वे जंक्शनची. १९८० ते १९८७ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले, २००७ पासून २५० मेगावॉटचे आणखी तीन आले. जुने संच पुढे मोडीत निघाले. पाण्यावाचून २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये अख्खे केंद्रच बंद ठेवावे लागले. मराठवाड्याच्या दुष्काळाविषयी लिहिताना या दोन वर्षांचा उल्लेख हमखास होतो. या केंद्राने मागे ठेवलेल्या राखेचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही.

आपल्याकडच्या दगडी कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे शंभर वाघिणी कोळसा आला की तीस-चाळीस वाघिणी भरतील एवढी राख उरते. ती पाण्यात कालवून पाइपांतून तळ्यात सोडतात. दाऊतपूर, दादाहरी वडगाव या शिवारांना ही तळी चांगली परिचयाची आहेत. उन्हाळ्यात तळे वाळते, वारा सुटतो आणि राख उठते. पत्र्यांवर, वाळवणावर, कापसाच्या पानांवर तिचा करडा थर बसतो. या राखेवर वीटभट्ट्या चालतात, हायवा चालतात, टेंडरे निघतात. राख कोणी उचलायची आणि पैसे कोणी मिळवायचे, यावर परळीचे राजकारणही तापते.

या राखेत आहे तरी काय? बहुतांश सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि लोहाची संयुगे. उरलेल्या अल्पांशात आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, कॅडमियम, सेलेनियम. कोळशातला कार्बन जळून जातो, बहुतेक धातू जळत नाहीत. म्हणून कोळशात विरळ असलेले धातू राखेत दाट होतात. त्यात नत्र जवळपास नाही, सेंद्रिय कर्ब नावापुरता आणि बोरॉन गरजेपेक्षा जास्त. रोपासाठी इतकी प्रतिकूल जागा शोधून सापडणार नाही. तरीही देशातल्या जुन्या राखतळ्यांच्या काठाने पाणकणीस उभे असते, कास फुलतो, रुई आणि वेडी बाभूळ मूळ धरतात. ही झाडे तिथे जगतात कशी, या प्रश्नाचा माग खाणी, प्रयोगशाळा आणि न्यायालये अशा तिन्ही ठिकाणांतून जातो.

खाणीवरची फुले

खाणकामगारांना ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या आधी कळली होती. जर्मनी आणि बेल्जियमच्या सीमेवर जस्ताच्या खाणींभोवती काही ठरावीक रानफुलेच उगवतात, हे तिथल्या लोकांना ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकात रसायनतज्ज्ञांनी त्यातल्या एका छोट्या रोपाची राख तपासली, तेव्हा तीत जस्ताचे प्रमाण थक्क करणारे निघाले. १९४८ मध्ये फ्लॉरेन्सच्या मिंगुत्सी आणि व्हेर्ग्नानो या दोघांनी इटलीतल्या अ‍ॅलिसम या रोपाच्या सुक्या पानांत जवळजवळ एक टक्का निकेल मोजले. इतर झाडांत ते दशलक्ष भागांत काही मोजके भाग असते.

१९५२ साली ए. डी. ब्रॅडशॉ यांनी वेल्समधल्या शिशाच्या जुन्या खाणीवरचे साधे गवत घेतले आणि शेजारच्या कुरणातले त्याच जातीचे गवतही घेतले. खाणीच्या मातीत कुरणाचे गवत मेले, खाणीचे जगले. जात तीच, पण खाणीवरच्या पिढ्यांनी वेगळा गुण कमावला होता. धातू सहन करण्याची ताकद आनुवंशिक आहे आणि ती थोड्या पिढ्यांत निवडली जाऊ शकते, हे त्यातून उघड झाले. उत्क्रांती डोळ्यांदेखत घडते याचे उदाहरण म्हणून हा प्रयोग अजून शिकवला जातो.

मग १९७६ मध्ये प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरून बातमी आली. तिथल्या एका झाडाच्या सालीवर चीर दिली की निळा-हिरवा चीक वाहतो. जाफ्रे, ब्रूक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तपासला, तर ओल्या चिकाच्या वजनात अकरा टक्क्यांहून जास्त निकेल! ‘महासंचयी’ म्हणता येईल असा अशा झाडांचा एक गटच मग शास्त्रात रूढ झाला.

तोवर एवढे कळले होते की काही झाडे धातू बाहेर थोपवतात आणि काही तो आत साठवतात. हे घडते कसे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. त्या उत्तराची निकड निर्माण झाली ती जपानमध्ये, आणि तिची किंमत माणसांनी मोजली.

जिन्झू नदीचा भात

तोयामा प्रांतातल्या जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका ही जस्त-शिशाची खाण होती. तिचे सांडपाणी नदीत, नदीचे पाणी भातखाचरांत आणि भात ताटात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथल्या, विशेषतः वयस्क बायकांची हाडे ठिसूळ होऊ लागली. खोकला आला तरी बरगडी मोडावी, अशी अवस्था. वेदनेने ‘इताई, इताई’ असे कण्हणाऱ्या या बायकांवरून रोगाला इताई-इताई हेच नाव पडले. स्थानिक डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी १९५० च्या दशकात खाणीकडे बोट दाखवले. १९६८ मध्ये जपान सरकारने कॅडमियममुळे होणारा हा रोग प्रदूषणजन्य म्हणून मान्य केला. त्याच वर्षी लोक न्यायालयात गेले, १९७१ मध्ये जिंकले आणि पुढच्या वर्षी अपिलातही टिकले.

परळीत पहिला संच सुरू झाला त्याच वर्षी जपानमध्ये हा निकाल लागला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण जपानी निकालाने एक प्रश्न जगापुढे ठेवला आणि तो राखेच्या किंवा खाणीच्या शेजारी शेती करणाऱ्या प्रत्येकाचा आहे. कॅडमियमचा भाताला काडीचाही उपयोग नाही, मग भाताने ते आत घेतलेच का?

उपाशी यीस्ट

मुळाच्या पेशीभोवती मेदाचे पातळ पटल असते. विद्युतभार असलेले धातूचे कण त्यातून सहज पार होत नाहीत. ते आत यायचे तर पटलात बसवलेल्या प्रथिनांतूनच यावे लागतात. या वाहक प्रथिनांना आपण सोयीसाठी दारे म्हणू. दारे असणार, हे जीवशास्त्रज्ञांना माहीत होते, पण लोहाचे दार नेमके कोणते हे सापडत नव्हते.

१९९६ मध्ये डेव्हिड आइड आणि मेरी लू गेरिनो यांच्या गटाने त्यासाठी एक नामी युक्ती केली. त्यांनी लोह आत घेण्याची दोन्ही जनुके बिघडलेले यीस्ट घेतले. कमी लोहाच्या खाद्यावर हे यीस्ट वाढूच शकत नाही. मग मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपाच्या जनुकांचे तुकडे त्या यीस्टमध्ये घातले आणि कोणती वसाहत तग धरते ते पाहिले. तगलेल्या यीस्टमध्ये जो तुकडा होता, तेच रोपाच्या लोहाच्या दाराचे जनुक. त्याला ‘आयआरटी-१’ असे नाव मिळाले. पुढे २००२ मध्ये हे जनुक निकामी केलेली रोपे वाढवून पाहिली, तर ती पिवळी पडून मरत होती. त्यांना वरून भरपूर लोह दिले की जगत होती.

शोधातली खरी मेख पुढे निघाली. हे दार केवळ लोह ओळखत नाही. दोन धन विद्युतभार असलेला आणि आकाराने मापात बसणारा कण आला की ते त्याला आत सोडते. जस्त, मँगनीज, कोबाल्ट आणि त्यांच्याच मागोमाग कॅडमियम. म्हणजे कॅडमियमसाठी झाडाने वेगळी वाट केलेलीच नाही. जी वाट अन्नाची, तीच विषाची.

आर्सेनिकचीही तीच गत. आर्सेनेट दिसायला फॉस्फेटसारखे, म्हणून ते स्फुरदाच्या दाराने येते. पाणी साचलेल्या भातखाचरात तयार होणारे आर्सेनाइट सिलिकॉनच्या दाराने शिरते, हे २००८ मध्ये जपानच्या जियान फेंग मा यांच्या गटाने दाखवले. आणि जिन्झूकाठच्या भातात कॅडमियम ज्या दाराने जात होते, ते २०१२ मध्ये सापडले. ते मुळात मँगनीजचे दार निघाले. पंगतीत वाढपी समोरच्याचा चेहरा पाहत नाही, पुढे आलेले ताट पाहतो. मुळांचेही तसेच होते.

केवडा पडलेला ऊस

इथे परळीचा बीड जिल्हा या कथेत थेट येतो. माजलगाव, गेवराईच्या पट्ट्यात चुनखडीच्या जमिनीतला ऊस पाहा. वरची कोवळी पाने आधी पिवळी, मग पांढरट होतात. शिरा काही दिवस हिरव्या राहतात, त्यामुळे पानावर लांबच लांब पट्टे दिसतात. खालची जुनी पाने मात्र हिरवीगार. शेतकरी याला केवडा पडला म्हणतात. सोयाबीन आणि भुईमुगातही हेच पिवळेपण दिसते. जुन्या पानातले लोह झाडाला नव्या पानाकडे फारसे हलवता येत नाही, म्हणून उपासमार आधी शेंड्याला दिसते.

गंमत अशी की या काळ्या मातीत लोह ढिगाने असते. दख्खनच्या बेसाल्टची माती ती! पण तिचा सामू आठाच्या आसपास आणि वर चुनखडी. अशा मातीत लोह गंजासारखे घट्ट बसते, पाण्यात उतरत नाही. तेव्हा मुळे दोन प्रकारे धडपडतात. सोयाबीन, भुईमूग, कापूस ही पिके मुळांतून आम्ल सोडतात, लोहाचे रूप बदलतात आणि आयआरटी-१ सारख्या दारांची संख्या वाढवतात. ज्वारी, बाजरी, ऊस ही गवतकुळातली पिके मुळांतून लोहाला पकडणारे एक द्रव्य बाहेर सोडतात आणि लोहासकट ते परत आत ओढून घेतात. ते आत घेणारे दार मक्याच्या ‘पिवळ्या पट्ट्याच्या’ वाणावरून २००१ मध्ये ओळखले गेले. कृषी सेवा केंद्रात मिळणारे चिलेटेड लोह याच तत्त्वावर चालते आणि हिराकसाची फवारणी मुळांना वगळून थेट पानातून लोह पोचवते.

या धडपडीत एक धोका दडलेला आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी वाटाण्याची रोपे लोहावाचून उपाशी ठेवली आणि मग त्यांना कॅडमियम दाखवले. उपाशी रोपांनी पोटभर लोह मिळालेल्या रोपांपेक्षा ते कित्येक पटींनी जास्त घेतले. कारण साधे आहे. भूक लागली की दारे वाढतात, आणि वाढलेली दारे विषालाही उघडी असतात. या सगळ्या दीडशे वर्षांच्या संशोधनातून शेतकऱ्याने एकच गोष्ट उचलायची झाली, तर ती ही: उपाशी पीक विष जास्त खाते.

बीडच्या मातीची एक बाजू मात्र दिलासा देणारी आहे. जो सामू लोह अडवतो, तोच शिसे आणि कॅडमियमही बऱ्याच अंशी घट्ट धरून ठेवतो. आर्सेनिक आणि सेलेनियमला हा नियम लागू होत नाही. अल्कधर्मी मातीत ते उलट मोकळे होतात. त्यामुळे आमची जमीन काळी, आम्हाला काय होणार, असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

आत आलेल्या विषाचे काय होते

दार चुकले आणि धातू आत आला, तरी लढाई संपत नाही. १९८५ मध्ये म्युनिकच्या ग्रिल, विनाकर आणि झेंक यांनी झाडाच्या पेशीत धातूला गुंडाळणारे गंधकयुक्त छोटे पेप्टाइड शोधले. गुंडाळलेला धातू मग पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, ढकलायचा असतो, आणि त्यासाठी रिक्तिकेच्या पटलावर पुन्हा वेगळी वाहक प्रथिने लागतात. त्यातली काही २०१० मध्ये ओळखली गेली. त्याच वर्षी भाताच्या मुळांतले एक वाहक प्रथिनही सापडले, जे कॅडमियम मुळाच्या रिक्तिकेतच कोंडते. ज्या वाणांत हे प्रथिन दुबळे, त्यांच्या दाण्यांत कॅडमियम जास्त.

आता खाणीवरच्या फुलांचे कोडे उलगडते. इंग्लंडमधल्या एका गवताने आर्सेनिकच्या जमिनीत जगण्यासाठी स्वतःचे स्फुरदाचे दारच आवळून घेतले होते, हे मेहर्ग आणि मॅक्नेअर यांनी १९९२ मध्ये दाखवले. अ‍ॅराबिडॉप्सिस हॅलेरी या युरोपीय रोपाने नेमके उलट केले. मुळांतून जलवाहिनीत जस्त उपसणारे प्रथिन बनवणारे जनुक त्याने तीनपट करून घेतले आणि जस्त झपाट्याने पानांकडे पाठवले. हे २००८ मध्ये कळले. फ्लोरिडात सापडलेल्या आर्सेनिक साठवणाऱ्या नेच्याचे असेच आहे. २००१ मध्ये त्याची ओळख पटली आणि २०१० मध्ये त्याचे आर्सेनाइट रिक्तिकेत ढकलणारे प्रथिन सापडले. म्हणजे सहनशीलता हा एखादा गूढ गुण नाही. कोणते दार आवळायचे, कोणते वाढवायचे आणि आलेला माल कुठे कोंडायचा, याचे ते व्यवस्थापन आहे.

जपानने या ज्ञानाचे पीक घेतले. कोशिहिकारी या लाडक्या भातावर कार्बनच्या आयनांचा मारा करून मँगनीजचे ते दार निकामी झालेला वाण निवडला गेला. दाण्यात कॅडमियम जवळपास उतरेना. याच वाणाचा वापर करून अकिता प्रांताने आपला प्रसिद्ध भात बदलला आणि २०२५ पासून तो शेतात आणला. त्याची किंमतही आहे. मँगनीज कमी पडल्याने पानांवर तपकिरी ठिपक्यांचा रोग बळावू शकतो. योगायोग असा की मँगनीजचे ते दार सापडले त्याच वर्षी, २०१२ मध्ये, जिन्झूकाठच्या बाधित शेतांची माती बदलण्याचे कामही पुरे झाले. आठशेहून अधिक हेक्टर जमीन, तीन दशकांहून जास्त काळ. विष मातीत टाकायला वेळ लागत नाही, काढायला पिढी जाते.

नागपूरचे प्रयोग, परळीचा धडा

महाराष्ट्रात या विषयावर प्रत्यक्ष मातीत हात घातला तो नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने. डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भातल्या मँगनीज खाणींच्या ओसाड ढिगाऱ्यांवर झाडे जगवली. त्यासाठी साखर कारखान्याची मळी वापरली, मुळांशी राहणारे जिवाणू आणि बुरशी वापरल्या. पुढे खापरखेडा वीज केंद्राच्या राखेच्या ढिगावर त्यांनी शेणखत आणि जैविक खते घालून झाडे लावली आणि कोणत्या झाडात कोणता धातू किती उतरतो हे मोजले. हे निष्कर्ष २००८-०९ मध्ये प्रसिद्ध झाले. रस्त्याच्या कडेला दिसणारा कासोद त्यात धातू उचलण्यात पुढे निघाला. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने वेडी बाभूळ राखेवर वाढवून पाहिली. बीडच्या माळरानावर जी बाभूळ आपण शिव्या देऊन तोडतो, ती राखेवर चांगली तगते.

झाडांकडून धातू उपसून घेण्याच्या या कल्पनेभोवती त्याआधी एके काळी मोठी स्वप्नेही रंगली होती. १९९० च्या दशकात अमेरिकेत आपली मोहरी शिशाच्या जमिनी साफ करील, अशी हवा होती. धातू मोकळा करण्यासाठी जमिनीत रसायने ओतली गेली. मोहरीने शिसे उचलले, पण मोकळे झालेले शिसे भूजलात झिरपण्याची भीतीही उभी राहिली. शिवाय धातू खाऊन वाढलेली झाडे शेवटी टाकायची कुठे, हा प्रश्न उरलाच. राखेवरची बाभूळ तोडून चुलीत घातली, तर त्यातले धातू पुन्हा राखेतच येणार. म्हणून राखतळ्यावर झाडे लावण्याचा पहिला उद्देश धूळ बसवणे आणि माती धरून ठेवणे हाच असायला हवा. धातू उपसून जमीन शुद्ध होईल, ही आशा दुय्यम.

कायदाही उशिरा का होईना आला. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीज केंद्राच्या ५० किलोमीटर परिघातल्या विटा आणि बांधकामांत राख वापरणे बंधनकारक केले. परिघ पुढे वाढत गेला आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राख न वापरणाऱ्या केंद्रांवर दंडाची तरतूद केली. परळीत राख विटांत जाते, सिमेंटात जाते, हे चांगलेच. पण जी उडून शेतात येते, तिचा हिशेब कोणत्याच अधिसूचनेत बसत नाही.

परळीच्या आसपासच्या शेतकऱ्याला या इतिहासातून चार कामे निघतात. पहिले, माती तपासताना नत्र-स्फुरद-पालाशवर न थांबता लोह आणि जस्तही मोजून घ्या आणि कमतरता असेल तर ती भरून काढा, कारण पोट भरलेले पीक नको ते कमी उचलते. दुसरे, मळी, शेणखत आणि कंपोस्ट शेतात टाका. बहुतेक जड धातू त्यात जखडून राहतात. तिसरे, राख शेतात घातल्याने भारी जमीन भुसभुशीत होते असे कोणी सांगितले, तर तिची धातूंची तपासणी केल्याशिवाय एक ट्रॉलीही उतरवून घेऊ नका. चौथे, राखतळ्याच्या काठावर पालेभाज्या लावू नका आणि तिथले गवत जनावरांना घालू नका. पालक, मेथी, चुका ही पाने खाण्याची पिके; धातू पानात उतरला की तो थेट ताटात येतो.

राखेच्या ढिगावर हिरवळ आली म्हणजे माती शुद्ध झाली, असे समजण्याची चूक प्रशासनाने करू नये आणि गावकऱ्यांनीही करू नये. हिरवे झाड एवढेच सांगते की त्या झाडाला विषासोबत जगण्याची युक्ती साधली आहे. माणसाला ती साधलेली नाही. म्हणून माती, पाणी आणि भाजीपाला यांची नियमित तपासणी आणि तिचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवणे, एवढी मागणी परळी परिसरातल्या प्रत्येक गावाने लावून धरली पाहिजे.